तीस किलो कमी

नवी गाडी घेतली की माणसं तिच्यातून कुठेतरी फिरायला जातात. निरीक्षकसाहेब शोरूममधून निघाले ते थेट वजनकाट्यावर गेले.

वजनकाटा म्हणजे शहराबाहेरचा, वाळूचे आणि भंगाराचे ट्रक ज्याच्यावर उभे करून तोलतात तो, जमिनीत बसवलेला लोखंडी काटा. त्याच्यावर सीटवरचं प्लास्टिकही न निघालेली पांढरीशुभ्र छोटी गाडी उभी राहिलेली पाहून काटेवाला खोपटातून बाहेर आला.

"साहेब, माल कुठाय?"

"हाच माल," साहेब म्हणाले. "रिकामी तोल."

रिकामी म्हणजे साहेबांच्या भाषेत रिकामी. ते स्वतः उतरले. बायकोला उतरवलं. तिच्या मांडीवरची पर्स, मागच्या काचेशी ठेवलेली छत्री, शोरूमवाल्यांनी दिलेला पेढ्यांचा पुडा आणि पायाखालची पुसणी, सगळं काट्याबाहेर काढलं. बायको भर उन्हात पुडा हातात धरून उभी राहिली. येणारे जाणारे ट्रकवाले, ह्या दोघांना गाडीतून कुणी हाकलून दिलंय की काय, अशा नजरेनं बघत होते. आकडा उमटला. माहितीपुस्तिकेत छापलेल्या वजनापेक्षा गाडी तीस किलो कमी भरली.

"बघ!" साहेब बायकोला म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं की आनंद, हे तिला लग्नाला इतकी वर्षं होऊनही सांगता आलं नसतं.

साहेब वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासल्यामुळे जगात माणसांचे दोनच प्रकार असतात अशी त्यांची खात्री झाली होती: कमी देणारे, आणि अजून न सापडलेले. घरी दूधवाला आला की तो आधी माप पालथं करून दाखवायचा आणि मगच दूध घालायचा. न्हाव्याकडे गेले तरी उठताना साहेब खाली पडलेल्या केसांकडे एक नजर टाकून घेत.

तर अशा माणसाला गाडी घ्यायची होती, आणि घ्यावीच लागणार होती. बायकोची थोरली बहीण समुद्रकाठच्या गावात राहत होती आणि ती आता मुलाकडे परदेशात कायमची चालली होती. पुढच्या सोमवारी तिचं विमान. बायकोला बस सोसत नसे. पहिल्या वळणालाच तिचा चेहरा पांढरा पडे आणि दुसऱ्या वळणाला शेजारचा प्रवासी उठून उभा राही. रेल्वे तिकडे जात नव्हती. त्यामुळे गेली कित्येक वर्षं दोघी बहिणी एकमेकींना फोनवरच भेटत होत्या. "ताई गेली की गेली. मला तिला एकदा डोळ्यांनी बघायचंय," एवढंच बायको म्हणाली होती, आणि ते ज्या आवाजात म्हणाली होती त्या आवाजाचा साहेबांना संशय घेता आला नाही. जुनी गाडी तर इतकी थकली होती की कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं तरी तिची मनधरणी करावी लागे.

आता गाडी देशी घ्यायची की परदेशी? परदेशी गाड्यांच्या शोरूममधला विक्रेता फार हसत होता. एवढं हसण्यासारखं ह्याच्याकडे काय आहे, असा विचार करून साहेब तिथून बाहेर पडले. देशी शोरूममधला विक्रेता अजिबात हसला नाही, तेव्हा हा काहीतरी लपवतोय हे उघड होतं. पण लपवणारा निदान शरमतो तरी, म्हणून त्यांनी देशी गाडी पसंत केली. तिचा पत्रा त्यांनी बोटाच्या पेरानं सगळीकडून वाजवून पाहिला.

"किती टिकेल?"

"पाच वर्षांची वॉरंटी आहे, सर."

"मी वॉरंटी नाही विचारली. पाच वर्षं आणि एक दिवस झाल्यावर काय होतं ते सांग."

उत्तर तिथे लिहिलेलं असावं तसं विक्रेत्यानं पलीकडच्या भिंतीकडे पाहिलं. साहेबांचा सिद्धांत असा होता की हल्लीच्या गाड्या टिकण्यासाठी बनवतच नाहीत. पूर्वी पत्रा जाड असे, नट मुठीएवढे असत, गाडी भिंतीवर आपटली तर भिंत दुरुस्त करावी लागे. टिकाऊपणा म्हणजे वजन. ज्यानं वजन चोरलं त्यानं आयुष्य चोरलं. आणि आता तीस किलो आयुष्य त्यांच्या डोळ्यांदेखत गायब होतं.

संध्याकाळपर्यंत ही बातमी सोसायटीत पसरली. पार्किंगमध्ये मंडळी जमली. चौथ्या मजल्यावरच्या विमा एजंटाचं मत पडलं की रंगाचे हात कमी दिले असणार. चेअरमन म्हणाले, दारांच्या आत आता कागदाचा लगदा भरतात, त्यांच्या साडूच्या दारातून निघाला होता. तळमजल्यावरच्या आजोबांनी आमच्या वेळच्या गाडीला धक्का मारायला चौघे लागायचे असं सांगितलं. ती गाडी रोजच धक्का मारून सुरू करावी लागे हे त्यांच्या सूनबाईंनी सांगितलं, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

शेजारचे दाताचे डॉक्टर मात्र खूश झाले. त्यांच्याकडे परदेशी गाडी होती. काळी, लांबलचक, आणि घरापासून दवाखान्यापर्यंतच जाणारी. त्यापलीकडे ती त्यांनी कधी नेली नव्हती, कारण रस्ते तिच्या लायकीचे नव्हते.

"साहेब, मी पेशंटना नेहमी सांगतो," डॉक्टर म्हणाले, "स्वस्तातली कवळी पहिल्या सुपारीला हलते. आपल्याकडे माल बनवतात तो विकण्यासाठी. तिकडे बनवतात तो वापरण्यासाठी."

"वजन केलंय का कधी?"

"माझ्या गाडीचं? गरजच काय!"

"भीती वाटते?"

हा प्रश्न साहेबांनी नोकरीत असताना हजारो दुकानदारांना विचारला होता आणि तो वाया गेल्याचं त्यांना आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांची काळी गाडी काट्यावर चढली. डॉक्टरांनी आपल्या हातानं छोटी उशी, अत्तराची बाटली आणि कागदी रुमालांचा डबा बाहेर काढला. गाडी चाळीस किलो कमी भरली.

डॉक्टरांचा चेहरा भूल चढायच्या आत दात काढल्यासारखा झाला. "बंदरावर," ते पुटपुटले. "बंदरावर उतरवताना काहीतरी काढून घेतलं. तिकडून पूर्ण भरूनच निघाली असणार." साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. इतकं शुद्ध समाधान त्यांना निवृत्तीनंतर प्रथमच लाभत होतं. देशी कंपनीनं त्यांना फसवलं होतं खरं, पण परदेशी कंपनीनं डॉक्टरांना दहा किलो जास्त फसवलं होतं.

त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. बायको रोज विचारायची, "आपण निघायचं कधी?" साहेब म्हणायचे, "चोरी पकडली की लगेच." ताईचा फोन यायचा, तेव्हा ती आतल्या खोलीत जाऊन बोलायची. "येतोय गं, गाडीचं जरा काम चाललंय," हे वाक्य पहिल्यांदा तिनं हसत म्हटलं, नंतर नुसतंच म्हटलं.

साहेब आपल्या जुन्या कचेरीत गेले. तिथे त्यांच्याच खुर्चीवर त्यांच्याच हाताखाली शिकलेला अधिकारी बसला होता. त्यानं उठून नमस्कार केला आणि साहेबांना समोरच्या खुर्चीत बसवलं, म्हणजे जिच्यावर साहेब दुकानदारांना बसवत असत तिच्यावर. तिचा एक पाय आखूड होता. तो साहेबांनीच मुद्दाम तसा ठेवला होता, समोरच्याला नीट खोटं बोलता येऊ नये म्हणून.

"साहेब, आपल्या कायद्यात पॅकबंद वस्तू येतात," अधिकारी म्हणाला. "गाडी पॅकबंद नसते."

"सीटवर प्लास्टिक आहे."

अधिकारी विचारात पडला. गुरूंनीच शिकवलं होतं की कायद्याचा शब्द हलका घ्यायचा नाही. "मग वेष्टनावर निव्वळ वजन छापलेलं पाहिजे."

"पुस्तिकेत छापलंय."

"पुस्तिका म्हणजे वेष्टन नव्हे, साहेब. प्लास्टिकवर छापलंय का?"

डुगडुगत्या खुर्चीवर तोल सावरत साहेबांनी चहा घेतला. चहा अर्धा कपच होता, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

मग सर्व्हिस सेंटर. तिथला टायवाला सल्लागार तक्रार ऐकून घेता घेता हळूहळू खुर्चीत मागे रेलत गेला. "सर, मायलेज कमी म्हणून लोक येतात. एसीची हवा कमी म्हणून येतात. वजन कमी म्हणून आजवर कुणी आलं नाही."

"कारण आजवर कुणी तोललं नाही," साहेब म्हणाले, आणि रांगेतल्या बाकीच्या गिऱ्हाइकांकडे वळून पाहिलं. एक बाई घाईघाईनं आपल्या गाडीकडे बघायला गेल्या. सल्लागारानं साहेबांना पाणी दिलं आणि गाडी न बघताच ती उत्तम असल्याचं सांगितलं. ह्याहून मोठा पुरावा तो कोणता?

आता स्वतःच शोधायचं ठरलं. गुरुवारी दोन्ही गाड्या पार्किंगमध्ये शेजारीशेजारी लागल्या. निवृत्त निरीक्षक देशी गाडीखाली आणि दाताचे डॉक्टर परदेशी गाडीखाली आडवे झाले. डॉक्टरांनी दवाखान्यातला कपाळाला बांधायचा दिवा आणि तोंडात घालायचा छोटा आरसा आणला होता. बाहेर फक्त चार पाय दिसत आणि मधूनमधून आवाज येत.

"साहेब, ह्या सायलेन्सरच्या डब्यावर नाव कोरलंय. हे तर आपल्या औद्योगिक वसाहतीतलं!"

"कुठली वसाहत?"

"ही आपल्या मागची! जिच्या भोंग्यानं माझी दुपारची झोप मोडते!" डॉक्टरांचा आवाज रडवेला झाला होता. सातासमुद्रापलीकडून आणलेल्या गाडीत मागच्या गल्लीतला डबा निघाला होता. साहेब हसणार होते, पण तेवढ्यात त्यांना स्वतःच्या डोक्यावरच्या भागावर कोरलेलं परदेशाचं नाव दिसलं. त्यांनी बोटानं त्यावर थोडा चिखल लावला. पण खाली पडल्यापडल्या त्यांना मोठाच प्रश्न पडला. देशी गाडी परदेशी असेल आणि परदेशी गाडी देशी असेल, तर माणसानं संशय तरी नेमका कुणाचा घ्यायचा?

शुक्रवारी त्यांनी मागची सीट काढली. तिच्याखाली पोकळी असणार असा त्यांचा तर्क होता. पोकळी होतीच. तिच्यात एक स्क्रू आणि कुणा कामगारानं खाल्लेल्या चॉकलेटचा कागद होता, पण तीस किलो नव्हते. सीट काढताना प्लास्टिकच्या चार क्लिपा मात्र कटकट मोडल्या. साहेबांनी सल्लागाराला फोन लावला.

"सर, त्या क्लिपा एकदाच बसवण्यासाठी असतात. काढल्या की मोडतात."

"म्हणजे मोडण्यासाठीच बनवल्यात!"

"हो, सर."

इतकी स्वच्छ कबुली साहेबांना नोकरीत कधी मिळाली नव्हती. त्यांनी फोन कानापासून दूर धरून डॉक्टरांना ऐकवला. नव्या क्लिपा पुढच्या आठवड्यात येणार होत्या. तोपर्यंत सीट बसणार नव्हती. दोघांनी ती उचलून कुंपणाच्या भिंतीला टेकवून ठेवली. डॉक्टरांचं काम तर त्याहून पुढे गेलं होतं. त्यांनी डिकीचं अस्तर, आतले पत्रे आणि एक चाक काढलं होतं आणि ते कुठल्या क्रमानं काढलं हे ते विसरले होते.

पुन्हा मंडळी जमली. भिंतीला टेकलेली सीट पाहून चेअरमन म्हणाले, "साहेब, मग आता ह्या गाडीतून जाणार का तुम्ही?"

साहेबांच्या अंगात जुना निरीक्षक संचारला. "तीस किलोंचा हिशेब लागल्याशिवाय मी ह्या गाडीत पाऊल ठेवणार नाही," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "हा माझा शब्द आहे. जीव स्वस्त आहे का?" मंडळींनी माना डोलावल्या. बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिनं खाली पाहिलं आणि शेवटचा कपडा तसाच बादलीत ठेवून ती आत गेली.

शनिवारी सकाळी साहेब खाली आले तेव्हा बायको गाडीशी उभी होती. जिथे मागची सीट होती तिथे दोन बॅगा, ताईसाठीची लोणच्याची बरणी आणि एक गोधडी नीट रचून ठेवलेली होती. शेजारच्या सीटवर डॉक्टरांची बायको गॉगल लावून बसली होती. गाडी चालवायचा परवाना साहेबांच्या बायकोकडे होता. दोघांनी शिकवणी एकत्रच लावली होती आणि पहिल्या फटक्यात पास तीच झाली होती. पण गाडी कोण चालवणार, हा प्रश्न त्या घरात कधी विचारलाच गेला नव्हता.

"हे काय चाललंय?"

"ताईकडे चाललेय."

"ह्या गाडीतून? अगं, हिच्यात तीस किलो..."

"अहो, ते नंतर. मला आधी पेट्रोल भरायचंय. काटा अगदी तळाला गेलाय." तिनं दार उघडलं आणि मग थांबून, सहज, भाजीवाल्याला विचारावं तशी म्हणाली, "तुम्ही तोललीत तेव्हा टाकी भरलेली होती का हो?"

साहेबांनी पेट्रोलच्या झाकणाकडे पाहिलं. शोरूमवाले जेमतेम चार-दोन लिटर पेट्रोल घालून देतात. पुस्तिकेतलं वजन भरल्या टाकीचं. टाकीत अजून चाळीस लिटर मावलं असतं. पेट्रोल पाण्याहून हलकं. डोक्यात हिशेब आपोआप झाला, तीस वर्षांची सवय होती. तीस किलो, ना एक कमी ना एक जास्त. ज्या माणसानं शहरातल्या प्रत्येक दुकानदाराला "डब्यासकट की डब्याशिवाय?" असं विचारून घाम फोडला, त्यानं भरलेल्या डब्याचं वजन रिकाम्या डब्याशी ताडून पाहिलं होतं. डॉक्टरांची टाकी मोठी आणि परदेशी गाडी पेट्रोल फार पिते म्हणून डॉक्टर ती कायम रिकामीच ठेवत. चाळीस किलो.

"हिशेब लागला," साहेब अगदी बारीक आवाजात म्हणाले. "मी येतो. दोन मिनिटं थांब, कपडे बदलतो."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती, आणि तेच साहेबांना सहन होईना. "शेजारची सीट वहिनींना दिलीय. मी विचारलं, त्या लगेच हो म्हणाल्या. त्यांना ह्या रस्त्यापलीकडे कुणी नेलंच नाही कधी. आणि मागची सीट..."

मागची सीट भिंतीला टेकून उभी होती.

"मी कुठेही बसेन. बॅगांवर बसेन."

"आणि रस्ताभर आवाज ऐकाल. खड्डा आला की मला थांबवून खाली वाकाल. अहो, ताई परवा चाललीय." "मी तुम्हाला रोज विचारत होते."

साहेबांना लाज वाटली. निव्वळ, पूर्ण वजनाची लाज. माफी मागायची होती, पण जन्मभर ती दुसऱ्यांकडून मागून घेतल्यामुळे स्वतः मागायचा सराव नव्हता. ते इतकंच म्हणाले, "हवा बघितलीस का चाकांतली?"

"बघितली," ती म्हणाली. "पंपावर पुन्हा बघते." गाडी एकदाही न अडखळता फाटकातून बाहेर पडली. डॉक्टरीणबाईंनी काचेतून हात हलवला.

पेट्रोलची गोष्ट कळल्यावर डॉक्टरांनी हातातला पत्रा खाली ठेवला. मग दोघांनी परदेशी गाडी जोडायला घेतली. जमलं तर संध्याकाळपर्यंत निघू, मागोमाग पोहोचू, असं साहेब म्हणत होते. डॉक्टर म्हणत होते की हे चाक ह्या बाजूचं नाहीच. दुपारी थकून दोघंही भिंतीजवळच्या सीटवर बसले. ती आडवी करून ठेवल्यावर छान ऐसपैस झाली होती. त्यांच्या पायाशी चार नट आणि कशाचा तरी एक वाकडा तुकडा उरला होता आणि तो कुठला हे विचारायची दोघांचीही हिंमत होत नव्हती.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला.

"पोहोचलो," बायको म्हणाली. मागे समुद्राचा आवाज येत होता. "मस्त चालली गाडी. वहिनींनी रस्ताभर गाणी म्हटली."

"आम्ही सीटवर बसून वाटच बघत होतो. काही वाजत होतं का कुठे?"

"काही नाही."

मागून ताईंचा आवाज आला. पातळ झालेला, पण तोच, सगळ्यांवर हुकूम चालवणारा. "आणि भाऊजी कुठायत? त्यांना का नाही आणलंस? मला भेटायचं होतं त्यांना."

"ते घरीच आहेत, ताई," बायको म्हणाली. "मागच्या सीटवर बसलेत."

ताईंना आधी काही कळलं नसावं. मग बायकोनं सगळं सांगितलं असणार, कारण फोनमधून हसू ऐकू आलं. आधी एकीचं, मग दोघींचं, लहानपणी एका पांघरुणात हसल्या असतील तसं, दम लागेपर्यंत. साहेब फोन कानाशी घट्ट धरून बसले होते. त्या हसण्यात त्यांनी सवयीप्रमाणे कुठे काही कमी आहे का ते पाहिलं. काही कमी नव्हतं. फक्त ते स्वतः तिथे नव्हते.

"काय म्हणतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"पोहोचल्या," साहेब म्हणाले, आणि डॉक्टरांना डोळे दिसू नयेत म्हणून पुन्हा त्यांच्या गाडीखाली शिरले.